पांढरी खुंटी

आमच्या बावखलाच्या काठी दुपारी दोन ते चार या वेळात काहीच पुरतं खरं वाटत नाही. केळीची पानं हलतात, त्यांची सावली पाण्यात हलते, आणि जरा वेळाने वरचं कुठलं आणि खालचं कुठलं याची चौकशी करावीशी वाटत नाही. मी शाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काढली आहेत. जावक क्रमांक टाकल्याशिवाय कागद हातातून सोडत नाही. पण तिथे बसले की पंधरा मिनिटांत मीही घड्याळ बघायचं विसरते. तेव्हा माझ्या भावाला त्या जागी बसून काय होत असेल, याची मला कल्पना आहे.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. माणसांनी खोदलेलं, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं. वसईजवळ गिरीजला माझ्या माहेरच्या वाडीत ते आहे. माझं सासर त्याच्याच पलीकडच्या काठाला, मध्ये एक केळीचा पट्टा. त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला माहेर दिसतं आणि भाऊ काय करतोय तेही दिसतं. धाकटा आहे, पंचेचाळिशीचा. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून वाडी बघतो. सकाळी केळी, पानवेल, पाण्याची मोटार; दुपारी जेवून बावखलाच्या पायरीवर फोन घेऊन पोकर.

हा पत्त्यांचा खेळ तो फोनवर अनोळखी लोकांशी खेळायचा, पैसे लावून. पहिल्या वर्षी त्याचं फार बिनसलं. जेवणाच्या ताटावरून उठायचा, केळी झाडावर पिकून फुटायची. त्याची बायको संगमनेरकडची, घाटावरची. भांडली नाही. लेकीला घेऊन माहेरी गेली आणि दोन महिन्यांनी परत आली तेव्हा उंबऱ्यातच त्याला म्हणाली, "पुन्हा असं झालं तर मी जाईन. मग न्यायला येऊ नका." तो घाबरला. त्या ॲपमध्ये आपणच आपल्याला मर्यादा घालायची सोय होती. त्याने घातली. ठरलेली रक्कम, ठरलेला वेळ. चार वाजले की ॲप त्याला बाहेर काढायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आत घ्यायचं नाही. त्याने किती विनवलं तरी नाही. दोन वर्षं हे नीट चाललं. चारच्या ठोक्याला तो पायरीवरून उठून पाट फोडायला जाताना मला खिडकीतून दिसायचा, आणि मी चहा टाकायचे.

मग मागे एका वर्षी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, केंद्र सरकारने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले.

मी म्हटलं, सुटलो.

"सुटलो कसले, ताई," भाऊ म्हणाला. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. "बंद कुठं झालंय? फाटक काढून नेलंय फक्त. वाडी तशीच उघडी."

त्याने फोनवर एक निरोप दाखवला. कुठल्यातरी परदेशी ॲपची लिंक. रोज येत होती, नवनव्या नंबरांवरून. आत शिरायला वय विचारत नाही, नीट नावसुद्धा विचारत नाही. मर्यादेची सोय नाही. तक्रार करायची तर पत्ता नाही.

"तू गेलास आत?"

"एकदा."

"आणि?"

"मोटार बंद करायची राहिली."

तेव्हा मला उलगडा झाला. आधीच्या आठवड्यात शेजारच्या पानवेलीत घोटाभर पाणी साचलं होतं आणि शेजारी शिव्या देत होता. भावाने 'व्हॉल्व्ह खराब झाला' असं सांगितलं होतं. सहा वाजून गेले तरी त्याला पत्ता नव्हता.

"तिला माहीत आहे?"

"नाही. ताई, मला कुंपण पाहिजे. कुंपण असलं की मी बरा असतो. नसलं की मी काय करतो ते तू बघितलंयस. तुला अर्ज लिहिता येतो. सरकारला लिही."

चाळिशी उलटलेला माणूस बहिणीला सांगतोय की माझ्याभोवती कुंपण घालायला सरकारला सांग. मला राग आला. पण तो खोटं बोलत नव्हता. संतापावं म्हटलं तरी त्या पायरीवर जमत नाही. समोर खंड्या पाण्यात सूर मारतो, वर येतो, आणि बोलायचं राहून जातं.

पुढच्या रविवारी तो दोन माणसं घेऊन आला. एक पापडीचे निवृत्त गणिताचे सर. चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आलेले, पांढऱ्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. बायको गेल्यावर घरात एकटे. संध्याकाळी तासभर पोकर खेळायचे. दुसरे अर्नाळ्याचे तांडेल, स्वतःची बोट असलेले. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की हात रिकामे, तेव्हा खेळायचे. तिघांची ओळख त्या खेळातच झालेली, आणि दोन वर्षांनी त्यांना कळलं होतं की आपण सगळे एकाच तालुक्यातले.

"हा जुगार नाही," सर म्हणाले. "संभाव्यतेचं गणित आहे. मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवतो."

"सर, फळा नाही इथे."

"मग कागद द्या."

"कागद अर्जाला लागेल."

तांडेल हसले. "सर, बायला गनित नको सांगू. मी सांगतो. बाय, पावसाचे दोन म्हैने सरकार मासेमारी बंद करतं का नाय? करतं. आमी कधी बोंब मारली? नाय. कारन ती उघडते. कधी उघडनार ते आमाला म्हाईत असतं. आनि बंद नसेल तेव्हा जालं केवढं, कुठं टाकायचं, सगल्याला नियम हाय. ह्या बंदीला ना तारीख, ना नियम. चोरून टाकनाऱ्याचं फावलं."

हे मला पटलं. पण अर्जात मागणी नुसती 'चालू करा' अशी घालून चालत नाही. काय नियम करा, हे लिहावं लागतं. मी विचारलं, "तुम्हाला नेमके कसले नियम हवेत?" सर चष्मा पुसू लागले. भाऊ पाण्याकडे बघत बसला. मीही बघत बसले, आणि तिथेच मला आत्या आठवली. आठवली म्हणजे पलीकडच्या काठाला, रहाटाच्या जुन्या खांबापाशी, केळीची पानं कापत बसलेली दिसलीच जवळजवळ.

माझ्या लहानपणी या एका बावखलावर सात घरांच्या वाड्या भिजायच्या. कोणी कधी पाणी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. रहाटाच्या खांबाला एक फळी ठोकलेली होती, तिला भोकं, आणि भोकांत बांबूच्या खुंट्या. प्रत्येक घराच्या खुंट्यांवर वेगळी खूण. खुंटी हलली की पाळी हलली. फळी वडिलांच्या विधवा बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या ताब्यात होती, कारण तिला स्वतःची वाडी नव्हती. तिला पाण्याचा लोभ नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

दुपारी पुरुष पायरीवर पत्ते खेळायचे. पैसे कोणाकडे नव्हते. ते पाण्याच्या पाळ्या लावायचे. हरला की त्याची खुंटी उपटून जिंकणाऱ्याच्या भोकात. आम्ही मुली पलीकडे चाफ्याची फुलं वेचत असायचो. आजही ती दुपार डोळ्यांपुढे आली की मला आवाज ऐकू येत नाहीत. फक्त फळीवरच्या खुंट्या सरकताना दिसतात आणि खाली पाणी, जणू काही कोणाचंच नसल्यासारखं.

आत्याचे नियम मात्र पक्के होते. वैशाखातल्या पाळीची खुंटी चुन्याने पांढरी केलेली असायची, आणि पांढरी खुंटी डावावर लावायची नाही. कितीही हरलास, कितीही चढलास, तरी नाही. वैशाखातलं पाणी गेलं तर बाग मरते, आणि बाग एकट्याची नसते. दुसरं, ज्याच्या नावावर वाडी नाही त्याने बसायचं नाही. म्हणजे पोरंटोरं बाद. आणि तिसरा नियम बायकांचा. एखाद्याची बायको फावडं खांद्यावर घेऊन बांधावर येऊन उभी राहिली, तर तिने काही बोलायचं नाही आणि त्याला कोणी हसायचं नाही. आत्या उठायची, त्याच्या हातातले पत्ते काढून घ्यायची, आणि आठवडाभर तो माणूस पायरीवर बसायचा नाही. माझी आई दोनदा उभी राहिलेली मला आठवते. वडील दोन्ही वेळा कान खाजवत उठले होते.

मी हे तिघांना सांगितलं.

"अरे," सर म्हणाले, "हे तर सगळंच आलं. रकमेची कमाल मर्यादा, वयाची अट, आणि घरच्यांना खातं थांबवायचा अधिकार."

"आनि आत्या," तांडेल म्हणाले. "आत्या पायजे. जिला पत्त्यात रस नाय अशी."

"तिला नियामक म्हणतात," सर म्हणाले.

मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर मसुदा केला. विषय: ऑनलाइन पोकर या खेळावरील सरसकट बंदीऐवजी परवाना व नियमन लागू करणेबाबत. महोदय, आम्ही खालील सह्या करणारे नागरिक. पुढे मागण्या. मासिक मर्यादा ठरवावी आणि ती त्याच दिवशी वाढवता येऊ नये. ओळख आणि वय तपासावं. घरातल्या माणसाने लेखी विनंती केली तर खातं थांबवावं. तक्रार घ्यायला भारतातला पत्ता असावा. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर सरांनी दीड पान लिहून आणलं होतं. मी त्यातल्या चार ओळी ठेवल्या. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

फळीचं चित्र आणि आत्याचे नियम मी 'परिशिष्ट अ' म्हणून जोडले. पानांवर क्रमांक भावजयीने घातले. तिचं अक्षर चांगलं आहे. परिशिष्ट वाचून ती म्हणाली, "वन्सं, फावड्याचं हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मला कोणी सांगितलं नाही इतकी वर्षं." आणि तिने पाचचा आकडा घालून पान उलटलं.

सह्या गोळा करायला त्रास झाला नाही. इथल्या गावांना सह्यांची सवय आहे. तळी बुजवू नका, रस्ता वाडीतून नेऊ नका, एसटी बंद करू नका. आयुष्यभर आम्ही सह्या करत आलो आहोत. मिस्सानंतर चर्चच्या आवारात सरांनी टेबल लावलं, आमच्या देवळापाशी भावाने. एका म्हाताऱ्या बाईंनी सरांना टोमणा मारला, "सणाच्या मांडवात पैसे लावून हाउझी खेळताना तुम्ही सगळ्यांत पुढे असता, आता त्यालाही अर्ज करणार का?" आणि सही केली. नकार देणारेही होते. एक बाई म्हणाल्या, "माझ्या जावयाचं काय झालं ते विचारू नका," आणि पेन परत दिलं. मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांचंही खरं होतं.

कायदा केंद्राचा, म्हणून अर्ज केंद्राला, पण तहसीलदारांमार्फत. रीत तशी आहे. आवक टेबलावर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी कागद हातात घेतले, वरचं पान वाचलं, भुवया उंचावल्या.

"कुठल्या शाखेला पाठवायचं हे?"

"वरती. तुम्ही शिक्का मारा, मार्फत लिहिलंय."

त्यांनी शिक्का मारला, माझ्या स्थळप्रतीवरही मारला, आणि मी समाधानाने बाहेर पडले. चूक माझी होती, ती मला नंतर कळली. आमच्या शाळेत फाइलीला नवा कागद वरून लावतात. परिशिष्ट सगळ्यात शेवटी तयार झालं, म्हणून सवयीने मी ते सगळ्यात वर टाचलं होतं. सगळ्यात वर बावखलाचं चित्र, खुंट्या, आणि 'पाण्याच्या पाळ्यांचे नियम'.

महिन्याभराने भर दुपारी दोन सरकारी माणसं वाडीत आली. एक साहेब आणि एक टेप धरणारा. भावाने फोन केला आणि सर रिक्षाने आले, तांडेल स्कूटरवरून. आमच्या अर्जाची चौकशी आली, असंच आम्हाला वाटलं.

साहेबांनी विचारलं, "पाळ्या सध्या कोण लावतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "प्रत्येकाची मोटार आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"बंदी," सर म्हणाले.

"पाण्यावर बंदी घातली कोणी?"

"दिल्लीने."

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. बावखल काठोकाठ भरलेलं होतं, एक बगळा त्यात स्वतःकडे बघत उभा. "हे तर चालू आहे," ते म्हणाले.

"चोरून चालू हाय, साहेब," तांडेल कळकळीने म्हणाले. "तेच तर आमचं म्हननं हाय!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मोजणी सुरू केली. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण पिवळी टेप या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावरून ताणली गेली, वाऱ्याने जरा थरथरली, आणि खंड्या येऊन तिच्या मधोमध बसला. टेप धरणारा माणूस हलेना. साहेबही हलेनात. आम्ही सगळेच तो उडेपर्यंत उभे राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. रहाटाच्या खांबापाशी फळीचे दोन खिळे अजून आहेत. माझं लक्ष तिथे गेलं, आणि क्षणभर मला वाटलं की आता आत्या उठेल आणि खुंटी हलवेल.

खंड्या उडाला तेव्हा मी साहेबांना अर्ज खालून वर वाचून दाखवला.

ते हसले नाहीत. वही मिटली, इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्या फोनवर पण होतं ते. बंद झाल्यापासून मलाही लिंका येतात." मग सरकारी आवाजात, "ताई, हे आमच्या अखत्यारीत नाही. परत दाखल करा. बावखलाची नोंद मात्र झाली आता, बुजवता यायचं नाही कोणाला."

ते गेले. सर आणि तांडेल चहा घेऊन गेले. महिनाभर ज्याची वाट बघितली ते कुठे पोचलंच नव्हतं. मी कप विसळायला घरी आले आणि खिडकीतून बघितलं तर भाऊ पायरीवर बसला होता. मान खाली, अंगठा चालू. त्याचा खेळतानाचा बसण्याचा प्रकार मला ओळखू येतो. आणि फाटकवालं ॲप तर कधीच बंद झालं होतं.

मी चपला घातल्या. केळीच्या पट्ट्यातून अर्ध्या वाटेवर आले आणि थांबले. समोरच्या बांधावर भावजय उभी होती. खांद्यावर फावडं. पदर खोचलेला, पायांना चिखल. ती बोलत नव्हती. तिने तिथे किती वेळ उभं राहायचं हे परिशिष्टात लिहिलेलं नव्हतं; मला ते सुचलंच नव्हतं.

भावाने वर बघितलं नाही. पण पाणी त्याच्या पायांशी होतं, आणि पाण्यात ती उलटी उभी होती, फावड्यासकट. त्याचा अंगठा थांबला. तो पाण्यातल्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कान खाजवला. अगदी वडिलांसारखा.

तो उठला, पण पुढे काय करायचं ते त्याला कळेना. पत्ते काढून घेणारं तिथे कोणी नव्हतं. त्याने केळीतून माझ्याकडे बघितलं. मी पायरीवर गेले आणि हात पुढे केला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"आठवडा. नियम माहीत आहे तुला."

त्याने फोन दिला. भावजयीच्या खांद्यावरचं फावडं घेतलं आणि पाटाकडे गेला. ती पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडून चिखल धुऊ लागली. मी तिला विचारलं, "एकदा आधीही झालं होतं, माहीत आहे?"

"पानवेलीत पाणी आलं तेव्हाच कळलं, वन्सं. व्हॉल्व्ह नवाच आहे, मीच आणलेला."

"मग गेली नाहीस?"

"पानांवर नंबर घालत होते ना," ती म्हणाली.

ती एका माणसाच्या बांधावर उभी राहू शकते. सरांच्या घरी बांधावर उभं राहायला कोणी नाही, त्या साहेबांचं मला माहीत नाही. म्हणून सोमवारी मी अर्धी रजा टाकून अर्ज पुन्हा दाखल केला. या वेळी परिशिष्ट खाली टाचलं. आवकच्या बाईंनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मागच्या वेळी पाणी होतं ना तुमचं?" मी काही सांगणार तोच माझ्या पर्समधला भावाचा फोन वाजला. केळीचा व्यापारी होता. बाईंनी शिक्का मारेपर्यंत मी त्याच्याशी घासाघीस करत उभी राहिले. त्या आठवड्यात आमच्या केळीचे सगळे सौदे मीच केले, आणि भाव भावापेक्षा बरा मिळवला.